भाजण्याचे अपघात आणि प्रौढांसाठीची जनजागृती मोहीम: कोणत्या क्रमाने काय करायचं

भाजण्याबद्दलच्या बऱ्याच मोहिमा एकाच साच्यातून निघतात. आधी सप्ताह ठरतो, मग फलक छापायला जातात. फलकावर वीस-पंचवीस सूचना कोंबल्या जातात, एखादं अंगावर काटा आणणारं छायाचित्र लागतं, फेरी निघते, उद्घाटनाचे फोटो होतात. आठवड्यानंतर कोणाच्या घरात काय बदललं असं विचारलं की उत्तर येतं, "प्रतिसाद छान होता." मेहनत कमी पडलेली नसते, क्रम उलटा झालेला असतो. काय सांगायचं हे ठरण्याआधीच कशावर छापायचं हे ठरून गेलेलं असतं.

खालचे टप्पे फक्त प्रौढांसाठीच्या मोहिमेचे आहेत. लहान मुलांच्या बाबतीत मोठ्यांना सांगून मुलांना वाचवायचं असतं. इथे ज्याला सांगायचं, भाजणारही तोच असतो. तो तेच काम वर्षानुवर्षं करत आलेला असतो, आजवर काही झालेलं नसतं, आणि "एवढं कळतं आम्हाला" या खात्रीने तो तुमचं ऐकत असतो. पूर्वतयारीला दोन-तीन महिने धरा. तेवढे नसतील तर मोहिमेचा आवाका कमी करा, तयारीला कात्री लावू नका.

## टप्पा १: कोण, कुठे, काय करताना भाजतं ते आधी शोधा

"आमच्याकडे काय होतं ते आम्हाला ठाऊक आहे," हे वाक्य प्रत्येक बैठकीत ऐकू येतं आणि ते बहुधा अर्धंच खरं असतं. लक्षात राहतात ते मोठे स्फोट आणि आगी. नोंदी चाळायला बसलं की गरम पाणी, गरम तेल, गरम भांडं, वाफ आणि विजेचा झटका यांची रांग दिसू लागते.

माहिती चार ठिकाणी मिळते: रुग्णालयाचा जळीत विभाग आणि अपघात विभाग, अग्निशमन दल, रुग्णवाहिका सेवा, आणि कारखाने व मोठी स्वयंपाकघरं यांच्या अपघात नोंदवह्या. रीतसर परवानगी घ्या आणि नाव-पत्ता वगळूनच नोंदी मागा. गेल्या वर्षभरातल्या शे-दीडशे नोंदी हाती आल्या तरी चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होतं. प्रत्येक नोंदीतून एवढं काढा:

- वय, स्त्री की पुरुष
- वेळ आणि जागा (घर, कामाची जागा, रस्ता)
- त्या क्षणी माणूस नेमकं काय करत होता
- कशाने भाजलं
- अंगावर कोणते कपडे होते
- लगेच काय केलं आणि उपचारापर्यंत पोहोचायला किती वेळ गेला

यातली तिसरी ओळ सगळ्यात मोलाची, आणि नोंदवहीत नेमकी तीच कोरी असते. "ज्वाळेने भाजणे, ३५ टक्के" (म्हणजे अंगाचा एवढा भाग भाजला) एवढं लिहिलेलं असतं. त्यावरून मोहिमेला काहीच मिळत नाही. म्हणून ड्रेसिंग करणाऱ्या परिचारिकेपाशी बसा. रोज अर्धा-पाऊण तास पट्टी बदलताना रुग्ण तिच्याशी बोलत असतो: स्टोव्ह विझला असं वाटलं म्हणून वरून इंधन ओतलं, वात अजून धुमसत होती. "ज्वाळेने भाजणे" आणि "पुरता न विझलेल्या स्टोव्हमध्ये इंधन ओतणे" यांत जेवढं अंतर आहे, तेवढंच अंतर निकामी मोहीम आणि कामाची मोहीम यांच्यात असतं.

रुग्णालयात फक्त गंभीर रुग्ण येतात, त्यामुळे किरकोळ भाजण्यासाठी घरोघरी थोडीफार विचारपूस करावीच लागते. "गेल्या वर्षात घरात कोणी भाजलं का?" असं मोघम विचारलं तर "नाही" हेच उत्तर येतं. कारण लोक मनात आगच धरतात, हातावर पाणी सांडलं ते गणतीत घेत नाहीत. कारणं एकेक करून विचारा: उकळतं पाणी, तेल, वाफ, इस्त्री, गरम भांडं, वीज, रसायन, आग. त्याच घरातून मग दोन-तीन प्रसंग निघतात.

सावधान: स्वतःला पेटवून घेणं, दुसऱ्याने जाळणं, ॲसिड हल्ला हे प्रकारही नोंदींत सापडतील, काही "अपघात" म्हणून लिहिलेलेही असतील. ते या मोहिमेत मिसळू नका, त्यांना वेगळी माणसं आणि वेगळी पद्धत लागते. पण असं कोणी समोर आलं तर कुठे पाठवायचं, कोणाला कळवायचं, हे कार्यकर्त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत हवं. पत्रकं आणि बातम्यांत अशा घटनांची पद्धत वर्णन करू नका.

तपासा: "आमच्या भागात अमुक वयाचे लोक, अमुक जागी, अमुक करत असताना, अमुक गोष्टीने सर्वाधिक भाजतात" हे वाक्य तुम्हाला न अडखळता पुरं करता येतं का? येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: एक गट, एक धोका, एक कृती निवडा

सगळ्यात जास्त मोहिमा इथे फसतात. समितीतल्या प्रत्येकाला आपला मुद्दा हवा असतो, म्हणून गॅस, वीज, फटाके, कपडे, गरम पाणी, धूम्रपान सगळंच एका फलकावर येतं. वाचणाऱ्याच्या डोक्यात उरतं फक्त "सांभाळून राहा". ते त्याला तुमच्या आधीही माहीत होतं.

निवड करताना तीन प्रश्न विचारा. हे किती वेळा घडतं? घडलं तर किती वाईट होतं? आणि माणसाला स्वतःला, हाताशी असलेल्या साधनांत, ते टाळता येतं का? तिसऱ्याचं उत्तर "नाही" असेल तर तो विषय जनजागृतीचा नसून यंत्रणेशी भांडण्याचा आहे.

प्रौढांमधले काही गट नोंदींत अनेकदा दिसतात, पण "सर्वसाधारण जनता" म्हटलं की हरवून जातात:

वयस्क माणसं आणि गरम पाणी. ६० अंश सेल्सिअसच्या पाण्याने प्रौढाची त्वचा साधारण ५ सेकंदांत खोलवर भाजते. ५४ अंशांना अर्धं मिनिट लागतं, तर ४९ अंशांना पाच मिनिटांहून जास्त. वयाबरोबर त्वचा पातळ होते आणि पाय मागे घ्यायला वेळ लागतो, त्यामुळे त्यांच्यासाठी हे आकडे आणखी कमी धरायचे.

मधुमेहाने पाय बधिर झालेले. गरम पाण्यात पाय बुडवून बसणं, शेकायची पिशवी, हीटरजवळ पाय शेकणं. चटका जाणवतच नाही, दुसऱ्या दिवशी फोड दिसतो. "पाणी हाताने बघा" ही सूचनाही इथे पुरत नाही, कारण काहींच्या हातांचीही संवेदना कमी झालेली असते. थर्मामीटर किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाचं कोपर, हाच उपाय.

अपस्माराचे रुग्ण. उघड्या विस्तवापाशी किंवा उकळत्या भांड्यापाशी झटका आला तर खूप खोल भाजतं. यांच्यासाठी संदेश दोन भागांचा: औषध चुकवू नका, आणि एकटे असताना विस्तवापाशी काम करू नका.

घरी ऑक्सिजन लावलेले. कपडे, केस, अंथरूण यांत ऑक्सिजन मुरतो. नळी काढून लगेच काडी ओढली तरी भडका उडू शकतो.

त्वचेला स्निग्ध मलम भरपूर लावणारे. मलम कपड्यात आणि चादरीत मुरून सुकतं आणि कापड झपाट्याने पेट घेतं, धुतल्यावरही ते पुरतं निघत नाही. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये याबद्दल स्पष्ट इशारा दिला होता. बहुतेक फलकांवर हा मुद्दा अजून आलेलाच नाही.

गट ठरला की धोक्याचे तीन तुकडे पाडा: घटनेआधी, घटना घडताना, घडल्यानंतर. विल्यम हॅडन या अमेरिकी डॉक्टरच्या नावाने ओळखला जाणारा तक्ता हेच करतो. त्याच्या उभ्या-आडव्या रकान्यांत माणूस, वस्तू आणि परिसर असे भाग असतात. अख्खा तक्ता भरत बसायची गरज नाही. कुठल्या रकान्यात हात घातला तर सगळ्यात कमी कष्टात सगळ्यात जास्त फरक पडेल, एवढं शोधा.

तपासा: निवडलेली कृती डोळ्यांनी दिसते का? "आगीपासून सावध राहा" ही कृती नव्हे. "आंघोळीच्या बादलीत आधी गार पाणी, मग गरम" ही कृती आहे. कोणी ती केली की नाही हे बाजूला उभं राहून सांगता आलं पाहिजे.

## टप्पा ३: सांगून भागणार आहे का, की वस्तू बदलावी लागेल?

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये भाजण्याच्या प्रतिबंधासाठी शाळा, वस्त्या आणि प्रसारमाध्यमं या तिन्ही अंगांनी मोठी मोहीम झाली होती. १९८२ मध्ये तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: भाजण्याचं प्रमाण किंवा तीव्रता घटल्याचं ठोसपणे दाखवता आलं नाही. याउलट ओक्लाहोमा शहरात, आगीत जखमी होण्याचं प्रमाण जास्त असलेला भाग निवडून, १९९० पासून दारोदार दहा हजारांहून जास्त धूरसूचक यंत्रं वाटली गेली आणि सोबत माहितीही दिली गेली. पुढच्या चार वर्षांत त्या भागात घरांच्या आगीत जखमी होण्याचा दर ८० टक्क्यांनी घटला, उरलेल्या शहरात ८ टक्क्यांनी. वॉशिंग्टन राज्याने १९८३ मध्ये कायदाच केला की नवे पाणी तापवणारे बंब ४९ अंशांवर लावूनच विकायचे. घरमालकाने काही लक्षात ठेवायची गरजच उरली नाही.

म्हणून निवडलेल्या कृतीकडे पाहून स्वतःला विचारा: ही माणसाने रोज आठवणीने करायची आहे, की एकदा करून विसरून जाता येईल? एकदाच करायची असेल (तापमान कमी करणं, गॅसची जुनी नळी बदलणं, यंत्र बसवणं, डगमगणारा स्टोव्ह पक्क्या जागी ठेवणं) तर मोहिमेचा पैसा पत्रकांवर उधळू नका. ती गोष्ट तिथल्या तिथे करून द्या, किंवा करून देणारा माणूस सोबत न्या.

सावधान: बंबाचं तापमान कमी करा असा सरसकट संदेश देऊ नका. साठवणीच्या मोठ्या टाक्यांत पाणी ६० अंशांच्या खाली राहिलं तर लेजिओनेला नावाचा जिवाणू वाढण्याचा धोका असतो. अशा ठिकाणी टाकी गरमच ठेवून नळापाशी गार-गरम मिसळणारा तापमान-नियंत्रक व्हॉल्व बसवतात. इमारतीचा प्रकार पाहून, जाणकाराला विचारूनच संदेश ठरवा.

## टप्पा ४: छपाईआधी आजची स्थिती मोजून ठेवा

मोजमाप शेवटी करायचं असतं अशी समजूत आहे. शेवटी करायची असते ती दुसरी मोजणी. पहिली न झाल्यास दुसऱ्या मोजणीला अर्थ नाही, आणि एकदा मोहीम सुरू झाली की पहिली कधीच करता येत नाही.

दोन गोष्टी मोजा. एक, लोकांना काय ठाऊक आहे. दोन, लोक प्रत्यक्ष काय करतात. दुसरी गोष्ट विचारून कळत नाही, पाहावी लागते. गॅसच्या नळीवरची तारीख वाचा, आंघोळीच्या पाण्याचं तापमान थर्मामीटरने घ्या, धूरसूचकाचं बटण दाबून आवाज येतो का बघा. "हो, आम्ही करतो" असं म्हणणाऱ्या घरांतही ते बटण अनेकदा मुकं निघतं.

जमलं तर मोहीम पोहोचणार नाही असा, साधारण तशाच वस्तीचा एक भाग निवडून तिथेही हीच मोजणी करून ठेवा. पुढे आकडे बदलले तर ते तुमच्यामुळे बदलले की हवामान, इंधनाची टंचाई, नवा नियम यांमुळे, हे ठरवायला दुसरा आधार नसतो.

## टप्पा ५: वैद्यकीय मजकूर पक्का करा

मोहीम प्रतिबंधाची असली तरी लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आणि भाजलंच तर?" तिथे कार्यकर्ता अडखळला की आधीचं सगळं बोलणं वाया जातं. म्हणून प्रथमोपचाराचा एक छोटा, सगळ्यांसाठी सारखा मजकूर जळीत उपचारांच्या डॉक्टरकडून तपासून घ्या. त्याचा गाभा असा:

१. माणसाला उष्णतेपासून दूर करा, आधी स्वतः सुरक्षित राहा. विजेचा झटका असेल तर प्रवाह बंद केल्याशिवाय हात लावू नका.

२. कपडे पेटले असतील तर पळू नका. पळताना वारा लागून ज्वाळा वाढते आणि उभं राहिलं की चेहऱ्याकडे चढते. थांबा, जमिनीवर आडवे व्हा, चेहरा हातांनी झाका आणि लोळा. दुसरं कोणी असेल तर जाड सुती किंवा लोकरी पांघरूण टाकून विझवा.

३. भाजलेल्या जागेवर २० मिनिटं नळाचं वाहतं गार पाणी सोडा. भाजल्यापासून तीन तासांपर्यंत याचा उपयोग होतो, त्यामुळे "आता उशीर झाला" म्हणून सोडून देऊ नका. बाकीचं अंग मात्र पांघरुणाने उबदार ठेवा, विशेषतः म्हाताऱ्या माणसाचं आणि मोठ्या भागावर भाजलेल्याचं.

४. अंगठी, बांगड्या, घड्याळ, पट्टा सूज यायच्या आत काढा. त्वचेला चिकटलेलं कापड ओढू नका.

५. स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कापडाने किंवा स्वयंपाकघरातल्या पातळ, पारदर्शक प्लास्टिकने सैलसर झाका.

६. बर्फ, तेल, टूथपेस्ट, शाई, कुठलीही पूड लावू नका. फोड फोडू नका.

रसायनाने भाजलं असेल तर दूषित कपडे आधी काढा. कोरडी पूड असेल तर ती झटकून मगच पाणी सोडा, आणि पाणी २० मिनिटांहून बराच जास्त वेळ चालू ठेवा.

डॉक्टरकडे कधी जायचं हेही लिहा: जखम रुग्णाच्या स्वतःच्या हातापेक्षा मोठी असेल, चेहरा, हात, पाय, सांधे किंवा जननेंद्रियावर असेल, त्वचा पांढरी किंवा काळी पडली असेल, वीज, रसायन किंवा धुराचा संबंध असेल, रुग्ण वयस्क किंवा मधुमेही असेल. एक वाक्य ठळक छापा: दुखत नाही म्हणजे कमी भाजलं असं नाही. खोल जखमेत संवेदना वाहणाऱ्या नसाच जळतात. लोक नेमके अशाच वेळी घरी थांबतात.

तेल पेटलं तर काय करायचं, हाही प्रश्न हमखास येतो. आच बंद करायची, झाकण ठेवायचं, भांडं उचलून न्यायचं नाही, पाणी ओतायचं नाही. उकळत्या तेलात गेलेलं पाणी क्षणात वाफ होऊन पेटतं तेल बाहेर उडवतं.

तपासा: मोहिमेतल्या सगळ्या कागदांवर, सगळ्यांच्या तोंडी, आकडा एकच आहे का? एक कार्यकर्ता १० मिनिटं म्हणतो, पत्रक २० म्हणतं, ध्वनिफीत "थोडा वेळ" म्हणते. असं झालं की लोक सगळ्यात छोटा आकडा उचलतात.

## टप्पा ६: संदेश लिहा आणि लोकांपुढे ठेवून पाहा

भीती दाखवावी का, यावर समित्या तासन् तास वाद घालतात. माझं मत सरळ आहे. भीतीबरोबर लगेच करता येण्यासारखा उपाय नसेल तर माणूस नजर फिरवतो. वितळलेल्या चेहऱ्याचा फोटो पाहून कोणी गॅसची नळी तपासत नाही, फलकासमोरून लवकर निघून जातो. शिवाय त्या फोटोतला माणूस जिवंत असतो आणि त्याच गावात वावरत असतो. रुग्णाचं छायाचित्र वापरायचंच असेल तर लेखी संमती घ्या, ते कुठे आणि किती काळ लागेल हे सांगा, आणि "काढून टाका" म्हटल्यावर काढा. बरं होऊन कामाला लागलेला माणूस स्वतः बोलायला तयार असेल तर ते दहा फोटोंपेक्षा जास्त परिणाम करतं.

नकारात्मक सूचना कमी ठेवा. बर्फावर लाल फुली मारलेलं चित्र दाखवलं की थोड्या दिवसांनी बर्फ लक्षात राहतो, फुली पुसली जाते. "बर्फ लावू नका" एका कोपऱ्यात, "२० मिनिटं नळाखाली" मोठ्या अक्षरांत.

चाचणी अशी घ्या: कच्चं चित्र एकेका माणसाला, एकट्याला दाखवा आणि विचारा, "यात काय सांगितलंय?" समजलं का, असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. एका चाचणीत नळाखाली धरलेल्या हाताचं चित्र दाखवलं, तर उत्तरं आली, "जेवणाआधी हात धुवा." शेजारी घड्याळ काढलं, तेव्हा एका आजोबांनी सांगितलं, "वेळेवर हात धुवा." शेवटी कोपरापर्यंत लाल झालेला हात, स्टुलावर निवांत बसलेला माणूस आणि खाली ठळक "२० मिनिटं" असं झाल्यावर कुठे अर्थ पोहोचला. आठ-दहा माणसांत अशा बहुतेक गफलती उघड्या पडतात. माणसं मात्र ज्यांच्यासाठी मोहीम आहे त्यांच्यातलीच हवीत, कार्यालयातले सहकारी नकोत.

वाचता न येणारे, कमी दिसणारे, कमी ऐकू येणारे यांच्यासाठी काय करणार, हेही इथेच ठरवा. प्रौढांत, विशेषतः वयस्कांत, ही संख्या थोडीथोडकी नसते.

## टप्पा ७: सांगणारा माणूस, जागा आणि वेळ निवडा

संदेश धोक्याच्या जागेच्या जितका जवळ तितका बरा. चौकातल्या फलकापेक्षा शेगडीजवळच्या भिंतीवरचा तळहाताएवढा स्टिकर जास्त कामाचा. बधिर पायांबद्दलचा संदेश मधुमेह तपासणीच्या रांगेत द्या, अपस्माराचा संदेश औषध मिळण्याच्या खिडकीपाशी, ऑक्सिजनचा संदेश सिलिंडर पोहोचवणाऱ्या माणसाच्या तोंडून. कारखान्यात व्यवस्थापकाने वाचून दाखवलेली सूचना आणि जुन्या कामगाराने पाळीच्या सुरुवातीला सांगितलेली गोष्ट यांचा परिणाम वेगळा असतो.

वेळही नोंदींतून ठरवा. थंडीत शेकोटी, हीटर आणि गरम पाणी यांचे अपघात वाढत असतील तर संदेश थंडी सुरू होण्याआधी पोहोचायला हवा. एखाद्या ठरलेल्या दिनविशेषाची वाट पाहत बसण्यात काही हशील नाही.

कार्यकर्त्यांना किमान एक दिवस प्रशिक्षण द्या, आणि त्यातला निम्मा वेळ भाषण न ठेवता जोड्यांनी सराव करून घ्या: दार उघडणारा चिडलेला आहे, घाईत आहे, "आम्हाला माहीत आहे" म्हणतोय. घरभेटीचा क्रम ठरलेला असू द्या. ओळख, परवानगी, एक प्रश्न, जागेवर जाऊन एक पाहणी, एक कृती त्याच्याकडूनच करून घेणं, निरोप. दहा मिनिटांत संपलं पाहिजे. घरातल्या बाईने आधी काय चुकीचं केलं यावर शेरा मारू नका. भाजण्याचा दोष तिच्यावर ढकलायला घरातलं कोणी ना कोणी टपलेलंच असतं.

सावधान: हौसेने आगीची प्रात्यक्षिकं करू नका. तेल पेटवून दाखवणं, फटाका, पेट्रोल यांपैकी काहीही अग्निशमन दलाच्या लोकांशिवाय आणि सुरक्षित अंतराशिवाय नको. गर्दी पुढे सरकते, वारा फिरतो, आणि प्रतिबंधाच्या कार्यक्रमातच कोणीतरी भाजतं. लोळण्याचा आणि झाकण ठेवण्याचा सराव आगीशिवायही नीट शिकवता येतो.

संपूर्ण भागात उतरण्याआधी एका गल्लीत किंवा एका कारखान्यात आठवडाभर चालवून पाहा. याच सुमारास जवळच्या रुग्णालयाला आणि दवाखान्यांना कळवा की लोक आता लवकर आणि जास्त संख्येने येतील. वीस मिनिटं पाणी घालून आलेल्या माणसाला तिथल्या कोणी "हे कशाला केलंत?" म्हटलं, तर मोहीम तिथेच बुडाली असं समजा.

## टप्पा ८: दुसरी मोजणी, आणि आकडे वाचताना होणारे गोंधळ

तीन-चार महिन्यांनी टप्पा ४ मधलीच मोजणी, त्याच प्रश्नांनी, त्याच पद्धतीने करा. मोहीम संपल्याच्या दुसऱ्या दिवशी केली तर तुम्ही फक्त लोकांची ताजी आठवण मोजता. स्टिकर अजून भिंतीवर आहे का, बंबाची कळ पुन्हा वर गेली का, धूरसूचकातला सेल काढून दुसऱ्या कशाला वापरला का, हे पाहा.

किती पत्रकं वाटली, किती लोक जमले, हे खर्चाच्या हिशेबाला ठीक. परिणाम म्हणून मांडू नका.

रुग्णालयातल्या आकड्यांबाबत तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, मोहिमेनंतर रुग्णसंख्या वाढू शकते. एरवी घरी बसणारे लोक येऊ लागतात, आणि नोंदीही नीट होऊ लागतात. एकूण संख्येऐवजी किती खोल भाजलेले आले, किती वेळात आले आणि पाणी घालून आले का, ते पाहा. दुसरी, छोट्या वस्तीत वर्षाला पाच गंभीर घटना घडत असतील आणि यंदा तीन झाल्या, तर तो निव्वळ योगायोगही असू शकतो; दोन-तीन वर्षांचे आकडे जुळवल्याशिवाय यशाचा डंका पिटू नका. तिसरी, कृती बदलली पण घटना तेवढ्याच राहिल्या, तर कृती निवडतानाच चूक झाली असणार. मग टप्पा २ वर परत जायचं. कृतीच बदलली नसेल तर टप्पा ३ वर जा आणि वस्तू बदलता येते का ते पाहा.

नोंद ठेवण्यासाठी स्वतःचा नवा तक्ता बनवण्याआधी जागतिक आरोग्य संघटनेच्या जागतिक जळीत नोंदणीचा छोटा अर्ज पाहा. तुमच्या रुग्णालयाने तोच वापरला तर इतर ठिकाणांशी तुलना आयती होते.

निकाल आधी त्यांना सांगा ज्यांनी नोंदी दिल्या: ड्रेसिंगची परिचारिका, अग्निशमन केंद्र, दार उघडून आत घेणारी घरं. पुढच्या वर्षी परत त्यांच्याच दारात जायचं असतं. आणि मजकुरातला एखादा आकडा दरम्यान बदलला असेल, तर नवा फलक लावण्याआधी जुना उतरवायला माणूस पाठवा. दोन्ही शेजारी लटकत राहिलेले मी पाहिलेत.